ठेवणीतली कॉफी

आमच्या घरात वस्तूंचे दोनच प्रकार आहेत: वापरातल्या आणि ठेवणीतल्या. वापरातल्या वस्तू फुटतात, विटतात, शेजाऱ्यांकडे जाऊन परत येत नाहीत. ठेवणीतल्या वस्तूंचं तसं काही होत नाही, कारण त्यांना कोणी हातच लावत नाही. आईच्या कपाटात चहाचा एक संच आहे. सहा कप, सहा बश्या, सोनेरी काठ. १९८७ साली तो ‘चांगल्या दिवसासाठी’ म्हणून आत गेला. पुढे माझं लग्न झालं, मुलगा झाला, त्याची मुंज झाली, तो बंगळुरूला नोकरीला लागला; पण यातला एकही दिवस त्या संचाच्या तोलामोलाचा निघाला नाही.

यावरून मी आईला आयुष्यभर चिडवत आलो. आणि पन्नाशी उलटल्यावर तेच रक्त माझ्या अंगात उसळलं. आईने कपबश्या ठेवल्या होत्या, मी कॉफीच्या बिया ठेवल्या, एवढाच काय तो फरक.

सुरुवात मशीनपासून झाली. पन्नाशीला माणसं मॅरेथॉन पळतात, सायकलवरून महाबळेश्वरला जातात. माझे गुडघे त्या मताचे नसल्यामुळे मी एस्प्रेसोचं मशीन घेतलं. दुकानदाराला पैसे एकरकमी दिले. बायकोला किंमत तेवढी हप्त्यांनी सांगितली. दुसरा हप्ता चालू असताना ग्राइंडरचा विषय निघाला.

“घरात मिक्सर आहे ना?” तिने विचारलं.

मी तिला समजावलं की मिक्सरमध्ये कॉफी दळली की अर्धी रवा होते आणि अर्धी मैदा. पाणी रव्यातून पळ काढतं आणि मैद्यात अडकून बसतं. एस्प्रेसोला सगळे कण एका मापाचे लागतात. “पिठाच्या गिरणीसारखं यंत्र लागतं,” मी म्हणालो. “मग गिरणीतच द्या ना,” ती म्हणाली. ग्राइंडरची किंमत मी आजतागायत तिला पूर्ण सांगितलेली नाही.

एस्प्रेसोचं गणित ऐकायला सोपं आहे. १८ ग्रॅम पूड घ्यायची, चाळणीत दाबून बसवायची, तिच्यातून नऊ बार दाबाने गरम पाणी सोडायचं आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी काढायची. दळण जाडं झालं तर दहा सेकंदांत चिंचेचं पाणी मिळतं. बारीक झालं तर मिनिटभर एकेक थेंब गळतो आणि चिराइताचा काढा तयार होतो. पहिले पंधरा दिवस मी आळीपाळीने हे दोन्ही पदार्थ केले. सोळाव्या दिवशी योग आला. ३६ ग्रॅम, २८ सेकंद, आणि वर तांबूस सोनेरी फेस. या फेसाला क्रेमा म्हणतात. मिलानच्या अकिले गाज्याने १९३८ साली पेटंट घेतलं आणि महायुद्ध संपल्यावर दांड्याने दाब देणारं मशीन बाजारात आणलं, तेव्हा लोकांनी हा फेस पहिल्यांदा पाहिला. मी तो कप दोन्ही हातांत धरून आईपुढे नेला.

आईने चष्मा लावून पाहिलं. “वरची मळी काढून टाक,” ती म्हणाली, “पाकावरची काढतात तशी. आणि एवढीशीच? खोकल्याचं औषध याहून जास्त देतात.”

तेवढ्यात त्या बिया संपल्या. नवीन पिशवी आली आणि चिंच-चिराइताचा प्रयोग पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू झाला.

इथे बियांचा स्वभाव सांगायला हवा. भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. तो हळूहळू बाहेर पडतो. त्यासाठीच कॉफीच्या पिशवीला ती बटणासारखी एकमार्गी झडप असते. अगदी ताज्या बिया वापरल्या तर नुसता फेसच फेस येतो आणि धार वेडीवाकडी पडते. म्हणून आठ-दहा दिवस थांबायचं. पुढचे दोन-तीन आठवडे बहर असतो. मग वायू गेलेला असतो, हवेतला प्राणवायू आत शिरलेला असतो, आणि बी म्हातारी होते.

हे सगळं मी आईला रेखाचित्र काढून सांगितलं. तिने ते न बघता म्हटलं, “म्हणजे आंब्यासारखं. आढीत घातला की आधी कच्चा, मग चार दिवस खाण्याजोगा, मग सुरकुततो. त्यात काय एवढं?” मला हे कळायला तीन महिने लागले होते. पण आंब्याचं शास्त्र कळलेली बाई एका वेळी दोन डझनच घेते. मी जूनमध्ये चिकमगळूरहून तीन किलो बिया मागवल्या.

कारण सवलत. तीन किलोंवर पाठवणावळ माफ होती. पाव किलोच्या बारा पिशव्या, तीन प्रकारांत: एक धुतलेली अरेबिका, एक सालासकट वाळवलेली, आणि एक मॉन्सून्ड मलबार. रोज दोन कप म्हणजे ३६ ग्रॅम. तीन किलो म्हणजे ८३ दिवस. बहर तीन आठवड्यांचा. बाकीच्या दोन महिन्यांचं काय करायचं, हे पैसे भरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधल्या मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि त्यांतून चिकमगळूरचे डोंगर हिरवे झाले, अशी आख्यायिका आहे. त्या संताला सात बिया पुरल्या. मला तीन किलो आवरेनात.

उपाय एकच होता, फ्रीजर. उणे १८ अंशांवर बियांचं म्हातारपण जवळजवळ थांबतं. शिवाय गार बी दळताना जास्त बारीक आणि एकसारखी फुटते. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली हे छापून आणलं. त्यांनी बिया द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून पार उणे १९६ अंशांपर्यंत नेल्या होत्या. मी बायकोला हे सांगितलं, तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, “त्यांच्या फ्रीजरमध्ये मटार होते का?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. आमचा फ्रीजर म्हणजे एक भरलेली चाळ आहे. पुढच्या खोलीत जानेवारीत स्वस्त झाले म्हणून सोलून ठेवलेले मटार. वरच्या मजल्यावर आईचं खवलेलं खोबरं आणि मे महिन्यातला आमरस. कोपऱ्यात माझ्या गुडघ्याची बर्फाची पिशवी. आणि तळमजल्यावर बायकोचं माहेर. ते मालवणला आहे. जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून माझा मेहुणा मे अखेरीस सुरमई धाडतो. या चाळीत मी बारा पिशव्यांसाठी जागा मागत होतो. तीन दिवस वाटाघाटी झाल्या. अखेर आमरसाने दोन डबे मागे घेतले, मटारांना आडवं झोपवलं आणि मला सुरमईच्या शेजारची जागा मिळाली.

आता माझा पहिला गाढवपणा. आठ-दहा दिवस बिया मुरवून मी पिशव्या होत्या तशाच फ्रीजरमध्ये कोंबल्या. दर कपाला पिशवी काढायची, उघडायची, १८ ग्रॅम मोजायचे, पिशवी परत आत ठेवायची. दिवस पावसाचे. गार पाणी भरलेल्या स्टीलच्या पेल्याला घाम फुटतो, तसा रोज दोनदा त्या बियांना फुटत होता. बाहेर आल्या की दमट हवेतलं पाणी त्यांच्यावर बसायचं, आत गेल्या की ते गोठायचं. चार दिवसांत ग्राइंडरमधून पुडीऐवजी गोळ्या पडायला लागल्या. शिवाय भाजलेली कॉफी वास पटकन धरते. लोक ती मुद्दाम वाटीत घालून फ्रीजमधले वास घालवायला ठेवतात. मीही तेच करत होतो, फक्त नंतर ती वाटी पीत होतो. पिशवीवर लिहिलं होतं: जर्दाळू, उसाचा रस, संत्र्याची साल. मी डोळे मिटून घोट घेतला. जर्दाळू लागला नाही, ऊस लागला नाही. मालवण स्वच्छ लागलं.

“आज कॉफी जरा बरी झालीय,” बायको म्हणाली.

अशा तीन पिशव्या वाया गेल्यावर मी शास्त्र मुळापासून वाचलं. एका कपापुरत्या बिया एकेका हवाबंद डबीत भराव्यात. डबी एकदाच बाहेर काढावी आणि तिच्यातल्या बिया लगेच दळाव्यात, नाहीतर बंद डबीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात. उघडलेली डबी परत आत ठेवू नये. १८ ग्रॅम बियांना बरोब्बर पुरते ती प्रयोगशाळेतली ५० मिलीलीटरची, टोकदार बुडाची, आट्यांच्या झाकणाची नळी. उरल्या होत्या नऊ पिशव्या. सव्वादोन किलो भागिले १८ ग्रॅम, सव्वाशे नळ्या. नि:शेष भाग गेल्याचा मला शाळेतल्यासारखा आनंद झाला.

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. काउंटरवरचे गृहस्थ पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “कॉलेज की लॅब?”

“घर.”

डोकं बाहेर आलं. “घरी सव्वाशे? काय भरणार?”

“कॉफी.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग आतल्या पोऱ्याला ओरडून सांगितलं, “यांना कच्चं बिल दे रे, विद्यापीठाची सवलत लावू नकोस.”

त्या रविवारी मी नऊ तास बिया मोजल्या. एकेका नळीवर कागदाची पट्टी चिकटवून वाण, भाजल्याची तारीख, गोठवल्याची तारीख आणि दळणाचा आकडा स्केचपेनने लिहिला. रात्री फ्रीजर उघडला तेव्हा मटारांमागे सव्वाशे नळ्या शिस्तीत उभ्या होत्या. दोन दिवसांनी आईचं रक्त न्यायला पॅथॉलॉजीचा मुलगा आला. त्याने आपल्या पेटीसाठी बर्फ मागितला. मी फ्रीजर उघडताच तो दोन पावलं मागे सरकला. “काका,” तो हळूच म्हणाला, “एवढे नमुने कोणाचे?”

यानंतर पंधरा दिवस मी सुखात काढले, हे कबूल करायला हवं. कॉफी खरंच सुंदर होत होती. गार बी बारीक फुटते म्हणून दळण एक घर जाडं करायचं, एवढंच सांभाळावं लागायचं. एक गोष्ट मात्र बायकोपासून लपवावी लागली. दळताना कोरड्या बियांत स्थिर वीज तयार होते आणि पूड सगळीकडे चिकटते. त्यावर तोड म्हणजे दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक बारीक फवारा. हा घरगुती तोडगा खरा ठरवणारा अभ्यास २०२३ साली अमेरिकेत झाला आणि त्यात ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारी मंडळीही होती. पण तिने एके दिवशी पाहिलंच. “म्हणजे पाणी लागू नये म्हणून सव्वाशे नळ्या,” ती म्हणाली, “आणि आता स्वतःच पाणी मारताय?” मी ज्वालामुखी पुढे केला. तिने ओट्यावर सांडलेली पूड पुढे केली.

श्रावण जवळ आला. श्रावणाआधी आमच्याकडे फ्रीज धुतात. सुरमईची शेवटची तुकडीही तेव्हाच निकालात निघते. मी ऑफिसात होतो. घरी येऊन पाहतो तो सगळ्या नळ्या ओट्यावर, चादरीवर ओळीने निजवलेल्या. झाकणं घट्ट होती, त्यामुळे घाम सगळा बाहेरून आला होता. आतल्या बिया सुरक्षित होत्या. मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात कामाच्या मावशी अभिमानाने म्हणाल्या, “दादा, लई चिकट कागद लागलं होतं. सगळं घासून काढलं. बघा कशा लख्ख झाल्या.”

शंभराच्या आसपास नळ्या. तीन वाण. एकावरही नाव नाही.

धुतलेली अरेबिका आणि वाळवलेली अरेबिका यांतला फरक मला पिशवीवर वाचल्याशिवाय कळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मॉन्सून्ड मलबार तेवढी ओळखू यायची, कारण ती फिकी आणि फुगलेली असते. तिची कथाच अशी आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने युरोपला जायची. समुद्राच्या दमट हवेने ती फुगायची, तिचा आंबटपणा जायचा, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, प्रवास आखूड झाला आणि कॉफी फुगेनाशी झाली. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या गोदामांत हिरव्या बिया मुद्दाम पसरून त्यांना पावसाळी वारा खाऊ घालतात. म्हणजे जिने अख्खा पावसाळा अंगावर घेऊन नाव कमावलं, तिला मी पुण्यातल्या पावसाचा थेंब लागू नये म्हणून नळीत घालून ठेवलं होतं.

बाकीच्या नळ्यांची रोज सकाळी सोडत निघायची. एकीला लागणाऱ्या दळणावर दुसरी तुंबायची, तिसरीच्या दळणावर चौथी नळ फुटल्यासारखी वाहायची. चिंच-चिराइताचे प्रयोग पुन्हा लागले.

याच दिवसांत मुलगा बंगळुरूहून आला. त्याने माझ्यासाठी गेशा आणली होती. गेशा मूळची इथिओपियाची. नाव काढलं पनामात, आणि तिथल्या लिलावांत तिचे भाव ऐकून माणसाने कॉफी सोडावी. शंभर ग्रॅमची चिमुकली डबी. पाच नळ्या झाल्या. पहिल्या दोन तुंबल्या, तिसरी वाहिली. चौथी मात्र अशी उतरली की मी खुर्चीत बसलो. मोगरा, लिंबाची साल आणि मागे कुठेतरी मध. पाच मिनिटं मी कोणाशी बोललो नाही. बायकोने बीपीचं मशीन आणलं.

उरली एक नळी. ती आजउद्या पिण्यात अर्थ नव्हता. अशी कॉफी कुठल्याही मंगळवारी पीत नाहीत. पट्ट्यांवर माझा विश्वास उरला नव्हता, म्हणून तिला लाल रबर गुंडाळलं आणि सगळ्यांच्या मागे उभी केली. बायकोने विचारलं, “ही कशासाठी?” आणि माझ्या तोंडून शब्द गेले, “चांगल्या दिवसासाठी.” पलीकडे वाती वळत बसलेल्या आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिला माझ्यात काही अर्थ दिसला असावा.

श्रावणात पुतणीची पहिली मंगळागौर आमच्याकडे होती. तीस बायका. झिम्मा, फुगड्या, पिंगा. खालच्या मजल्यावरून दोन फोन. मला कानात बोळे घालून बेडरूममध्ये पाठवलं होतं. रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला, पण मी कूस बदलली. पहाटे उठलो तर आईने स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. दूध, साखर, वर जायफळ. लहानपणी कोणी पाहुणे आले की व्हायची तशी. मी पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.

“आई, कॉफी काय झालीय!”

“तुझ्याच वीस नळ्या घातल्या,” ती म्हणाली. “चहाची पूड संपली होती. मिक्सरला लावल्या, दुधात उकळल्या. सगळ्याजणी नावाजत होत्या.”

तीन वाण, मिक्सर आणि उकळी! एस्प्रेसोच्या धर्मात याला प्रायश्चित्त नाही. मी काही बोलणार होतो, पण तोंडात जायफळ होतं. शिवाय कॉफी खरंच चांगली झाली होती. मी फ्रीजर उघडून घाईने मागे पाहिलं. लाल रबर जागेवर होतं. मी गप्प बसलो.

त्या वीस रिकाम्या नळ्या आईला मात्र फार आवडल्या. हवाबंद, कीड लागत नाही. हळूहळू त्यांत वेलची गेली, लवंग गेली, हळकुंडं गेली. कॉफी गणपतीनंतर संपली आणि फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात मसाल्यांचा संसार थाटला गेला.

ऑक्टोबरात लग्नाला पंचवीस वर्षं झाली. याहून चांगला दिवस मला तरी परवडण्यासारखा नव्हता. बदलत्या हवेने मला सणसणीत सर्दी झाली होती, पण मुहूर्त चुकवायचा नव्हता. पहाटे साडेपाचला, दिवा न लावता, मी लाल रबराची नळी काढली. वजन केलं नाही. ठेवणीतल्या वस्तूवर संशय घेत नाहीत. नळी ग्राइंडरमध्ये रिकामी केली. आवाज जरा कडकडीत वाटला. पूडही जास्त वाटली. म्हटलं, गार बी अशीच फुटते. नाक बंद असल्यामुळे सुगंध आला नाही, याची तेवढी हळहळ वाटली. क्रेमा आला नाही. थेंब थेंब करत काहीतरी करडं उतरलं. मी ते दोन कपांत वाटलं आणि बायकोला उठवलं.

तिने एक घोट घेतला. थांबली. इतक्या महिन्यांत जर्दाळू, ऊस, मोगरा यांतलं काहीही कधी न लागलेली माझी बायको म्हणाली, “अहो, आज लागतंय हं काहीतरी. मिरी.”

मग मी घोट घेतला. पंचवीस वर्षं डोळ्यांपुढून गेली, आणि मागोमाग पाणीही. नाक मात्र क्षणात मोकळं झालं.

खोकल्याच्या आवाजाने आई आली. तिने लाल रबराची रिकामी नळी पाहिली आणि कपाळाला हात लावला. “मेल्या, दापोलीची मिरी होती ती! मामाच्या परसातली. ठेवणीतली!”

“आणि माझी गेशा?” मी डोळे पुसत विचारलं. “या नळीत होती ती?”

“ती होय? ती मंगळागौरीलाच संपली. वीस नळ्यांतलीच एक. तू तर दोनदा मागून प्यायलास.” मग जरा थांबून म्हणाली, “तूच म्हणाला होतास ना, चांगल्या दिवसासाठी आहे? घरात तीस बायका हसत होत्या. मला वाटलं, हाच असेल.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिची मिरी, माझी गेशा. हिशेब फिटंफाट झाला होता. पण छत्तीस-सदतीस वर्षांची जुनी खोड गप्प बसू देईना.

“एवढा चांगला दिवस होता,” मी म्हणालो, “तर मग तुझा तो कपबश्यांचा संच का नाही काढलास?”

“अरे, तो सहाचा आहे,” आई म्हणाली. “बायका तीस होत्या.”